नाही म्हणणारा मासा

माणसाकडे पैसा आला की तो आधी सोय विकत घेतो. पंखा जाऊन एसी येतो, स्कूटर जाऊन गाडी येते, गाडीला ड्रायव्हर येतो आणि ड्रायव्हरला पत्ता सांगायला सेक्रेटरी येते. पण पैसा त्याच्याही पुढे वाहू लागला की सोयींचं दुकान संपतं आणि माणूस शेजारच्या गैरसोयींच्या दुकानात शिरतो. तिथे गर्दी कमी आणि भाव अफाट. कोणी तिथून एव्हरेस्टवरची थंडी घेतं, कोणी वाळवंटातली मॅरेथॉन. या दुकानाच्या आतल्या कपाटात, कुलपाखाली ठेवलेला माल म्हणजे खाऱ्या पाण्यातलं फ्लाय फिशिंग. कारण त्यात नुसती गैरसोय मिळत नाही, नकार मिळतो. रोज सकाळी ताजा, आणि साक्षात माशाकडून.

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, या मालाचे जुने गिऱ्हाईक. दुबईत एका मोठ्या कंपनीत ते इतक्या वर पोचले आहेत की त्यांच्या मजल्यावर ‘नाही’ म्हणणारं माणूसच उरलेलं नाही. त्यांनी विनोद केला की लोकांना आधी हसू येतं आणि मग विनोद कळतो. लिफ्ट त्यांच्यासाठी थांबते, मीटिंग त्यांच्यासाठी थांबते, आणि ते नुसतं ‘बघू या’ म्हणाले तरी खालच्या मजल्यावर काम सुरू होतं. अशा माणसाला वर्षातून एकदा कोणीतरी तोंडावर नाकारणं ही प्रकृतीची गरज असावी. त्यासाठी ते सेशेल्सला जातात.

यंदा त्यांच्या नेहमीच्या जोडीदाराची कंबर ऐन वेळी धरली. खोली दोघांची, होडी दोघांची आणि पैसे दोघांचे भरलेले. बहिणीचा फोन आला, ‘‘दादा, तू जा रे. तसाही तू रिटायरच आहेस.’’ मग भाऊजींनी फोन घेतला. ‘‘दादा, तुम्ही काठीला हातसुद्धा लावू नका. नुसते बसा. बेट बघा, लिहा काहीतरी.’’ अशा रीतीने जगातल्या अतिमहाग मासेमारीला मी ‘मासे न मारणारा पाहुणा’ या नात्याने हजर राहिलो.

सेशेल्स म्हणजे हिंदी महासागरात विखुरलेली शंभराहून जास्त बेटं. राजधानी व्हिक्टोरिया, माहे बेटावर. तिथल्या तमिळ वंशाच्या लोकांनी भर बाजारपेठेच्या जवळ नवशक्ती विनायगराचं देऊळ बांधलं आहे. गोपुर रंगीबेरंगी, आत आपला गणपती. भाऊजी एरवी देवाधर्मातले नव्हेत, पण तिथे त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि ओठ हलवले. बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘‘काय मागितलंत?’’

‘‘मोठा जीटी मासा लागू दे म्हटलं.’’

‘‘आणि लागला तर?’’

‘‘लागला तर लगेच सोडून देईन.’’

गणपतीने आजवर नाना तऱ्हेचे नवस ऐकले असतील. मुलगा होऊ दे, पेढे वाटीन. नोकरी लागू दे, चालत येईन. पण ‘जे देशील ते जागच्या जागी परत करीन’ हा नवस त्याच्याही कानांना नवा असणार, आणि त्याचे कान काही लहान नाहीत.

माहेहून नैर्ऋत्येला सुमारे ४०० किलोमीटरवर अल्फोन्स हे बेट आहे. छोट्या विमानातून तासाभराचा प्रवास. १७३० साली शेव्हालिए अल्फोन्स द पोंतव्हेज नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीला ते दिसलं, म्हणून हे नाव. बेट त्रिकोणी आहे, दोन चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, आणि धावपट्टी त्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरत जाते. वैमानिकाला विचार बदलायला जागाच नाही. विमान लहान म्हणून सामानाच्या वजनावर बंधन. त्यावर भाऊजींचा तोडगा असा, की दोन रीळं जाकिटाच्या खिशात, एक पँटच्या खिशात आणि खोट्या किड्या-खेकड्यांचे डबे माझ्या औषधांच्या पिशवीत. विमानतळावर बीपीच्या गोळ्यांऐवजी केसाळ, चमचमते, पायवाले प्राणी बाहेर पडले, तेव्हा तिथली बाई माझ्याकडे सहानुभूतीने बघत होती.

बेटावर उतरल्याबरोबर प्रत्येकाला एक सायकल मिळते. रस्त्यावर आल्डाब्रा जातीची राक्षसी कासवं हिंडतात. त्यांतलं एखादं वाटेत बसलं तर घंटी वाजवून उपयोग नसतो. सायकल हातात धरून बाजूने काढावी लागते. एका आठवड्याचे एका माणसाचे दहा हजार डॉलरांहून जास्त होतात. भाऊजींना वाट न देणारी पहिली व्यक्ती म्हणजे हे कासव, आणि ते पॅकेजमध्येच धरलेलं होतं.

खरी मासेमारी अल्फोन्सवर होत नाही. ती होते पलीकडच्या सेंट फ्रान्स्वा या प्रवाळकंकणावर. तिथे वस्ती नाही. मधोमध उथळ खारं सरोवर, भोवती पांढऱ्या वाळूचे मैलोन्‌मैल पट्टे, आणि बाहेरच्या खडकांवर जुन्या जहाजांचे गंजलेले सांगाडे. सकाळी मोठ्या बोटीने खोल समुद्राची पट्टी ओलांडायची, मग सरोवरात नांगरलेल्या छोट्या होड्यांत चढायचं. एका होडीत दोन पाहुणे आणि एक गाइड. भरतीचं पाणी वाळूवर चढू लागलं की त्याच्याबरोबर मासे चरायला वर येतात. कुठे पाय बुडेल इतकं पाणी, कुठे मांडीला लागेल इतकं. तेवढ्यात त्यांना गाठायचं. हा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. मग आग्नेयेचे वारे सुटतात, आणि माशांना सुट्टी लागते.

आमचा गाइड दक्षिण आफ्रिकेचा. वय पंचविशीच्या आतबाहेर, पिंढऱ्या भाजून तांबूस झालेल्या, केस मिठाने पांढरट, आणि नजर घारीची. भाऊजींनी त्याच्याशी हात मिळवला. त्याने हात सोडून सरळ त्यांच्या काठीकडे बघितलं, मग दोरीकडे, मग दोरीच्या टोकाकडे.

त्या टोकाला एक इतिहास होता. आदल्या रात्री भाऊजींनी खोलीतल्या पडद्याच्या दोरीवर गाठीचा सराव केला होता. फोनवर व्हिडिओ लावून, चष्मा कपाळावर सरकवून, टोक दातात धरून. सकाळी तीच गाठ त्यांनी खऱ्या दोरीवर बांधली होती आणि आकडा दिमाखात पुढे केला होता. गाइडने ती नखाने चाचपली. उन्हाकडे धरली. मग गळ्यात लटकणारी चिमुकली कात्री उचलली आणि काही न बोलता गाठ कचकन कापून टाकली. नवी गाठ स्वतः घातली, थुंकी लावून ओली केली, आवळली, आणि काठी परत दिली.

भाऊजींनी पुढे केलेली गोष्ट कोणी कापून परत केल्याची घटना त्यांच्या ऑफिसात बऱ्याच वर्षांत घडलेली नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं होतं राग दिसेल. पण माणूस चक्क सुखावला होता. शहारा यावा तसा त्यांचा खांदा हलला. दहा हजार डॉलर कुठे वसूल होतात ते मला तिथे पहिल्यांदा दिसलं.

मी मालवणच्या बाजूचा. लहानपणी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे. वाडीतली माणसं दोन बाजूंनी दोर खेचतात, जाळं पुळणीवर येतं, आत फडफड होते, वाटे पडतात. या उद्योगाचा हेतू मासे मिळवणं हा आहे, याबद्दल तिथे कोणाच्या मनात शंका नसते. फ्लाय फिशिंगमध्ये मासे मिळू शकतील अशी प्रत्येक गोष्ट आधी काढून टाकलेली असते. जाळं नाही. आमिष नाही. कोळंबीचा वासही नाही. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते पुढे उडतं आणि दोरी त्याच्यामागे जाते. इथे आकड्यावर पिसं, केस आणि चमकता धागा गुंडाळून खोटी कोळंबी नाही तर खोटा खेकडा केलेला असतो. त्याला फ्लाय म्हणायचं. फ्लायला फेकण्याजोगं वजन नसतं, वजन असतं दोरीला. ती जाड दोरी डोक्यावरून मागे फेकायची, मागे ताठ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे फेकायची, आणि नेमक्या क्षणी दुसऱ्या हाताने तिला हिसडा द्यायचा. असे हिसडे जाताना एक आणि येताना एक. वारा कायम फेकत्या खांद्याच्या बाजूने येतो. हा नियम भूगोलाच्या पुस्तकात नाही, पण भाऊजी शपथेवर सांगतात. त्यामुळे आकडा जाता-येता कानाजवळून गुणगुणत जातो. माशाला सोडवताना जखम होऊ नये म्हणून आकड्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकण्याचा नियम आहे. या दयाळू नियमाचा पहिला फायदा भाऊजींच्या कानाला झाला.

प्रत्येक फ्लायला नाव असतं. एक होती क्रेझी चार्ली. बहामातल्या अँड्रॉस बेटावर चार्ली स्मिथ नावाचे एक नामांकित गाइड होते, त्यांच्यावरून हे नाव पडलं. भाऊजींच्या डब्यात चार्लीचे इतके भाऊबंद होते की एका बारशाला पुरले असते. गाइडने डबा उघडला, सगळ्यांवरून नजर फिरवली, डबा मिटला आणि स्वतःच्या टोपीला टोचलेली फ्लाय काढून बांधली. आणखी एक नकार. सकाळचे नऊही वाजले नव्हते.

मग बघण्याचा कार्यक्रम. या मासेमारीत मासा आधी दिसावा लागतो, मग त्याच्या वाटेत फ्लाय टाकायची. दिशा घड्याळाने सांगतात. होडीचं नाक म्हणजे बारा. ‘‘टेन ओ’क्लॉक, फॉर्टी फीट, कमिंग अ‍ॅट अस!’’ गाइड ओरडतो. पोलराइज्ड चष्म्यातून भाऊजी बघतात. मीही बघतो. दहा वाजता फक्त पाणी असतं. अकरा वाजताही पाणीच.

‘‘दिसला?’’

‘‘अं... हो.’’

‘‘नाही, तुला नाही दिसला. काठी दाखव. उजवीकडे. अजून उजवीकडे. नाही, तुझं दुसरं उजवीकडे!’’

बोनफिश नावाचा मासा दिसणं कठीण याचं कारण त्याच्या अंगावर आरसे आहेत. खवले इतके लखलखीत की खालची वाळूच त्यांत उमटते. म्हणून मासा शोधायचा नसतो, त्याची वाळूवर पडलेली सावली शोधायची. एकदा ती दिसली की मग कळतं, जिथे काहीच नव्हतं तिथे दोनशे मासे चरत आहेत. मला ती सावली दिसली तेव्हा भाऊजींनी पहिला बोनफिश लावला होता. रीळ किंचाळत सुटलं. मासा दोन-अडीच किलोंचा असेल, पण शंभर मीटर दोरी त्याने नजर ठरेपर्यंत नेली. परत ओढला, पुन्हा गेला. शेवटी गाइडने हात पाण्यात भिजवले आणि त्याला खालून धरलं. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मी वाकून बघितलं. पाठीवर हिरवट, अस्पष्ट पट्टे. तोंड खालच्या बाजूला, खेकडे उकरून खायला सोयीचं. डोळा मोठा आणि पूर्ण निर्विकार. श्वासभर वेळ तो पाण्याबाहेर होता, तेवढ्यात फोटो निघाला. मग गाइडने त्याला पाण्यात सरळ धरलं. जवळपास लिंबू-शार्क घिरट्या घालतात, दमलेला मासा त्यांना आयता सापडतो, म्हणून अंगात ताकद येईपर्यंत धरून ठेवायचं. थोड्या वेळाने त्याने शेपूट झटकली, आणि पुन्हा तिथे काही नव्हतं.

मला वाटलं, झालं काम. छान मासा, छान फोटो. आणखी काही बोनफिश लागले आणि मला एक गंमत दिसली. जसजसे मासे लागत गेले, तसतसे भाऊजी उदास होत गेले. सेंट फ्रान्स्वाला बोनफिश भरपूर, आणि तो बऱ्यापैकी हो म्हणतो. जो हो म्हणतो त्याची किंमत उतरते. गाइडने विचारलं, ‘‘पुढे जायचं?’’ भाऊजींनी बोनफिशांच्या कळपाकडे पाठ फिरवली. त्या क्षणी मला या खेळातली वर्णव्यवस्था कळली. मासळीबाजारात माशाचा भाव चवीवर ठरतो, काट्यांवर ठरतो, दिवस कोणता यावर ठरतो. इथे भाव ठरतो तो मासा किती वेळा नाही म्हणतो यावर.

बोनफिशच्या वरची पायरी जायंट ट्रेव्हलीची. सगळे त्याला जीटी म्हणतात. वजन ८० किलोंपर्यंत जाऊ शकतं. कपाळ बोजड, जबडा भांडखोर. २०१७ साली बीबीसीच्या ‘ब्लू प्लॅनेट २’मध्ये सेशेल्समधले हे मासे पाण्याबाहेर झेप घेऊन उडते पक्षी धरताना दाखवले होते. उथळ पाण्यात जीटी पाकटाच्या मागोमाग चालतो. पाकट वाळू ढवळतं, घाबरून बाहेर पडणारा ऐवज जीटी गिळतो. त्याच्यासाठी बारा नंबरची काठी, शंभर पौंडांच्या वर ताण घेणारी दोरी आणि हाताएवढी केसाळ फ्लाय.

तो आला तेव्हा काळ्या पाकटाच्या मागे राखाडी सावली होती. गाइडचा आवाज एकदम खाली गेला. ‘‘आता. टाक. पुढे. स्ट्रिप. लाँग स्ट्रिप. अजून. अजून!’’ भाऊजी दोरी हाताने ओढत होते, सावली वळली, पाण्यावर उंचवटा उठला आणि फ्लायच्या मागे धावू लागला. तोंड उघडलं. त्यात माझी औषधांची पिशवी सहज मावली असती. आता या क्षणी दोरी मागे खेचायची असते, काठी वर उचलायची नसते. काठी उचलण्याची रीत नदीतल्या ट्राउटची. जीटीच्या पुढ्यात काठी उचलली की आकडा त्याच्या उघड्या तोंडातून अलगद बाहेर येतो. भाऊजींनी काठी उचलली. पुऱ्या ताकदीने, आभाळाकडे, विजेत्यासारखी.

जीटीने तोंड मिटलं आणि निघून गेला. गाइड होडीत खाली बसला. टोपी काढली, डोकं दोन्ही हातांत धरलं. मग वर बघून म्हणाला, ‘‘व्हॉट वॉज दॅट?’’

हाच प्रश्न भाऊजी दुबईत दर सोमवारी इतरांना विचारतात. उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आली होती आणि त्यांच्याकडे खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे असतं तेच उत्तर होतं. ‘‘सॉरी. वारा फार होता.’’

जीटीच्या वर ट्रिगरफिश. रंगीत, मिशीची रेघ असलेला, शंखशिंपले फोडून खाणारा. शेपूट पाण्याबाहेर काढून हलवत चरतो, म्हणजे बोलावतोय असंच वाटतं. पण फ्लाय चावलाच तर आकडा दातांनी चेचून टाकतो, आणि पळालाच तर पाठीवरचा काटा ताठ करून प्रवाळाच्या बिळात स्वतःला अडकवून घेतो. मग दोरीच्या एका टोकाला बिळातला मासा आणि दुसऱ्या टोकाला उन्हात उभे भाऊजी, अशी बैठक बराच वेळ चालते. शेवटी दोरी तुटते. त्यानेही भाऊजींना फार बरं वाटलं.

त्याच्याही वर पर्मिट. सोनेरी झाक, पसरट अंग, लांबट पर. हा खेकडे खातो म्हणून त्याच्यासाठी खोटा खेकडा टाकतात. भाऊजींनी टाकला, अगदी मनासारखा, नाकासमोर. पर्मिट थांबला. मार्केट यार्डात हापूसच्या पेटीपुढे उभा असलेला पुणेकर बघा, तसा. जवळ आला, वाकला, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, वास घेतल्यासारखं केलं, आता उचलणार असं वाटलं, आणि ‘येतो जरा फिरून’ असा भाव करून निघून गेला. गाइड म्हणाला, ‘‘ग्रेट शॉट.’’ त्या दिवसातला तो एकमेव गौरव. हे लोक कौतुक करतात ते असं, मासा नाही म्हटल्यावर.

आणि शिखरावर मिल्कफिश. चांदीसारखा, वेगवान, अफाट ताकदीचा. फिलिपिन्समध्ये याला बांगुस म्हणतात, तळ्यांत वाढवतात आणि घरोघरी तळून खातात. पण या खेळात त्याला मुकुट आहे, कारण तो शेवाळ आणि पाण्यावरचं बारीकसारीक खातो. खोट्या खेकड्याचं, खोट्या कोळंबीचं त्याला सोयरसुतक नाही. म्हणून हिरव्या लोकरीचं खोटं शेवाळ बनवून त्याच्या तोंडासमोरून वाहत सोडायचं. मोठा कळप वरच्या पाण्यात तोंडं उघडी टाकून चरत होता, खरं शेवाळ पोटभर होतं, आणि त्यात भाऊजींचं एक खोटं तरंगत होतं. तो नकारही नव्हता. नकार द्यायला आधी दखल घ्यावी लागते. भाऊजी मंत्रमुग्ध होऊन बघत राहिले.

संध्याकाळी बारमध्ये सगळे जमायचे. कोणी लंडनचा, कोणी जोहान्सबर्गचा, कोणी टेक्सासचा. सगळे आपापल्या गावी सर. तिथे ज्याने दिवसभरात वीस बोनफिश धरले त्याचं कोणी ऐकत नव्हतं. तो कोपऱ्यात खारे काजू खात बसायचा. मध्यभागी तो, ज्याच्या पर्मिटने तीन वेळा वळून बघितलं आणि तिन्ही वेळा नाही म्हटलं. मंडळी त्याच्याभोवती ग्लास धरून उभी. ‘‘मग? मग काय केलं त्याने?’’ आणि तो दोन्ही हातांनी माशाचं वळणं करून दाखवायचा. भाऊजींनी ‘व्हॉट वॉज दॅट’ची गोष्ट सांगितली तेव्हा तर टाळ्या पडल्या. एकाने त्यांना आपल्या हिशोबातून पेय पाजलं. मग जेवणाची घंटा झाली आणि सगळ्यांनी ट्यूना चापला. तो खोल समुद्रातला, स्वयंपाकघरासाठी धरलेला. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

यात थट्टेचा भाग सोडला तर हिशोब पक्का आहे. सोडलेला मासा पुढच्या वर्षी पुन्हा नाही म्हणायला शिल्लक राहतो. म्हणून तर ओल्या हातांचे, दाबलेल्या काट्यांचे, श्वासभर फोटोंचे एवढे नियम. मारून टाकलेल्या माशाचं एकदा जेवण होतं. जिवंत, शहाणा, एकदा फसलेला आणि म्हणून आता आणखी चिकित्सक झालेला मासा दर आठवड्याला नव्या सरांना नकार देतो. अशा रीतीने त्या निर्जन प्रवाळावर नकाराचा साठा नीट जपलेला आहे.

आपल्याकडचे राजे या बाबतीत वेगळे होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आपला बराच मुलूख होता, त्याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. मासे कोणते, त्यांना खाऊ काय घालावा, काठी कशी, दोरी कशी, सगळं सांगितलेलं. म्हणजे आधी माशांना चारा घालून त्या जागेची सवय लावायची आणि मग राजाने गळ टाकायचा. सोमेश्वराचा गळ रिकामा येऊ नये अशी व्यवस्था असणारच. राजाला कोणी नाही म्हणणं त्या काळी परवडणारं नव्हतं, माशालाही नाही. आजच्या राजांना हो म्हणणाऱ्यांची वाण नाही. त्यांच्या भोवती दिवसभर चारा घातलेले मासेच फिरत असतात. म्हणून तर ते समुद्रावर येतात.

निरोप घेताना गाइडने भाऊजींना घरचा अभ्यास दिला. रोज अर्धा तास कास्टिंग, गवतावर, आकड्याऐवजी लोकर बांधून. आणि काठी उचलायची नाही. ‘‘येस,’’ भाऊजी म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द इतक्या नम्रपणे निघालेला मी लग्नातही ऐकला नव्हता. मी विमानात मनाशी म्हटलं, माणूस बदलला. नकार पचवायला शिकला. बहिणीचं आयुष्य आता सोपं जाईल.

दुबईत पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पहाटे भाऊजी त्यांच्या इमारतीच्या हिरवळीवर काठी घेऊन उतरले. मी बाल्कनीतून चहा घेत बघत होतो. दोन-चार फेकी झाल्या, दोरी सुंदर उलगडली. तेवढ्यात रखवालदार आला. पोरगेलासा, नवीनच लागलेला. अदबीने म्हणाला, ‘‘सर, इथे हे चालणार नाही.’’

मी कप खाली ठेवला. आता भाऊजी शहारणार, सुखावणार, त्याला पेय पाजणार.

भाऊजींनी काठी खाली केली, खिशातून फोन काढला आणि सोसायटीच्या मॅनेजरला झोपेतून उठवलं. ‘‘हा कोण आहे? मला नाही म्हणतो?’’ पाच मिनिटांत मॅनेजर धावत खाली आला. हिरवळ मोकळी झाली. रखवालदाराला दुसऱ्या फाटकावर पाठवलं.

मला त्या पोराचं वाईट वाटलं, पण चूक त्याचीच होती. त्याने आधी ॲडव्हान्स घ्यायला हवा होता.